टवका उडालेला चंबू

तिसऱ्या चंबूला वास होता आणि तिनं शून्य म्हटलं. म्हणताना आवाज कापला नाही, घसा खाकरावा लागला नाही, काही झालं नाही. काचेचं झाकण परत बसवून तिनं चंबू डावीकडे सरकवला आणि साहेबांनी फळ्यावर तिच्या रकान्यात एक वाटोळं शून्य काढलं. आधीची चार, हे पाचवं. दोन पावलं मागं सरून साहेब ती ओळ पाहत राहिले, भिंतीवरची तसबीर सरळ लागलीय का पाहावं तसे, आणि म्हणाले, छान. तिला मळमळलं. चंबूतल्या वासानं नव्हे, तो तर एव्हाना गेलाही होता. 'छान' या शब्दानं मळमळलं. झाकण उचलल्या उचलल्या नाकाच्या आत, वर, जिथे भुवया जुळतात त्याच्या मागं, एक गोडसर कुजकी रेघ उमटली होती. मग तिची नजर फळ्यावरच्या चार शून्यांवर गेली, आणि ती रेघ ओल्या फडक्यानं पुसावी तशी पुसली गेली. तिनं दुसऱ्यांदा हुंगलं तेव्हा चंबूत नुसतं कोमट पाणी होतं. पण होता, वास होता, ती स्वतःला बजावत राहिली. मला आला होता. मी फक्त बोलले नाही.

शहराचं पाणी रोज सकाळी दहा वाजता पाच माणसं हुंगतात हे शहराला माहीत नाही, आणि माहीत असायचं काही कारणही नाही. पाण्यात काय किती विरघळलंय ते यंत्रं सांगतात. पण पाण्याला शेवाळाचा, जुन्या टाकीचा, मेलेल्या उंदराचा वास येतोय का हे सांगायला नाकच लागतं. म्हणून पाणीखात्यानं आपल्याच नोकरांची परीक्षा घेऊन पाच नाकं निवडली होती. कागदोपत्री 'वास-परीक्षण समिती', खात्यातल्यांच्या तोंडी नाकमंडळ. प्रयोगशाळेशेजारच्या बिनखिडकीच्या खोलीत पाच खुर्च्या, एक टेबल, एक फळा. तासभर आधीपासून चहा नाही, कांदा नाही, अत्तर नाही, सिगरेट नाही. सर्दी असेल तर घरी बसा. चंबू धुणाऱ्या मावशी ते गरम पाण्याच्या टाकीत ठरल्या तापमानाला आणायच्या आणि एकेक करून टेबलावर ठेवायच्या. पहिल्या खुर्चीपासून पाचवीपर्यंत चंबू फिरायचा. झाकण उचलायचं, हुंगायचं, शून्य ते सहा यांतला एक आकडा सांगायचा. शून्य म्हणजे काही नाही, सहा म्हणजे ताबडतोब पाणी बंद. चंबूंवर नुसते क्रमांक. कुठलं पाणी कुठल्या भागातलं ते साहेबांच्या खणातल्या कागदावर. आणि पाचांतला एक चंबू फसवा असायचा. त्यात कोळशातून गाळलेलं निर्मळ पाणी, नाकं जागी आहेत का ते बघायला. तो कुठला हे कुणालाही कळता कामा नये असा नियम होता, आणि तिला तो रोज कळायचा. मावशी ते गाळीव पाणी नेहमी तोंडाशी टवका उडालेल्या चंबूत भरायच्या. चांगल्या चंबूंना कामाचं पाणी, फुटक्याला बिनकामाचं, असा त्यांचा न्याय. सहा वर्षांत ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आली नव्हती आणि तिनं ती कुणाला सांगितली नव्हती. माहीत असून गप्प बसणं तिला जमायचं. त्यात तिला एक सुख होतं, जिभेखाली गोळी धरून ठेवावी तसं.

आधीच्या साहेबांच्या वेळी चिठ्ठ्या होत्या. आकडा लिहायचा, घडी घालायची, पेटीत टाकायची. कुणाचा आकडा काय हे कुणाला कळायचं नाही. नवे साहेब आले आणि त्यांना तो शाळकरी प्रकार वाटला. त्यांना सगळं उघड हवं होतं. मोठ्यानं बोला, फळ्यावर येऊ द्या, एकमेकांकडून शिका. महिनाअखेरीला त्यांनी एक तक्ता लावला: प्रत्येकाचा आकडा सरासरीपासून किती लांब. त्या रकान्याला त्यांनी नाव दिलं 'फरक'. भांडारपालाचा फरक सगळ्यांत कमी. तिचा सगळ्यांत जास्त. त्याच दुपारी जेवणाच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, या, फरकबाई, आणि नाव चिकटलं. तेव्हापासून ती त्या चौघांचा मनापासून द्वेष करू लागली, आणि द्वेष करायला तिच्यापाशी बारीक नाक होतं. भांडारपाल पहिल्या खुर्चीत बसायचा; त्याला ग्रीजचा आणि गंजलेल्या खिळ्यांचा वास यायचा, आणि आकडा तो शिक्का मारावा तसा मारायचा. दुसरी टायपिस्ट. तिच्या रुमालाला कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास. चंबू हुंगताना ती चंबूकडे बघतच नसे, भांडारपालाच्या तोंडाकडे बघे. तिसरा मीटर तपासणारा, त्याला नियम सांगूनही सिगरेट सुटत नव्हती, आणि त्याचं नाक, तिचं ठाम मत होतं, देवानं चष्मा ठेवायला दिलेलं होतं. चौथा नवा केमिस्ट. तो हुशार. मनातल्या मनात सरासरी काढायचा आणि त्या सरासरीपासून अर्धा आकडा इकडे किंवा तिकडे राहायचा, म्हणजे आपल्याला स्वतःचं मत आहे असं दिसावं. सगळे होयबा. आणि या होयबांच्या शेवटी, पाचव्या खुर्चीत, ती.

तिसऱ्या महिन्यात साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ती तयारीनं गेली होती. कुठल्या दिवशी कुठल्या पाण्याला तिनं तीन म्हटलं आणि बाकीच्यांनी शून्य, आणि आठवड्याभरानं त्याच भागातून तक्रार कशी आली, हे तिनं पाठ केलं होतं. साहेबांनी तिला बोलूच दिलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू, मऊ आवाजात म्हणाले, "बाई, घरी सगळं ठीक आहे ना?" मग पुढं म्हणाले, "नाही, होतं असं. ताण असला की माणसाला नसलेले वास येतात. मनाला लावून घेऊ नका. थोडं इतरांकडे लक्ष देत चला." ती हो म्हणून बाहेर आली. दाराबाहेर टायपिस्ट उभी होती; तिनं डोळ्यांनीच काळजी केली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चंबूला चौघं एक म्हणाले आणि तीही एक म्हणाली, तिला तीन आलेला असताना. महिनाअखेरीला तिचा फरक निम्म्यावर आला आणि साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. तिनं मग एक लहानशी वही घेतली, तळहाताएवढी. समितीची खोली सोडली की सरळ बायकांच्या संडासात जायचं, कडी लावायची आणि उभ्या उभ्याच लिहायचं: म्हटलं एक, आला तीन. म्हटलं शून्य, आला दोन. ही वही पर्सच्या आतल्या कप्प्यात असायची आणि ती तिथे आहे या जाणिवेवर ती पूर्ण दिवस काढायची. बाहेर मी तुमच्यासारखी आहे, आत नाही. तुम्हाला वास येत नाही म्हणून तुम्ही शून्य म्हणता. मला येतो आणि तरी मी म्हणते. तुम्ही बधिर आहात, मी लबाड आहे. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे असं तिला वाटायचं, आणि त्या फरकावर ती जगत होती.

गप्प राहायला ती इथे शिकली नव्हती. नऊ वर्षांची असताना एका संध्याकाळी जेवायला बसल्यावर ती म्हणाली होती, बाबांना वास येतोय. कसला, आईनं विचारलं. सडक्या सफरचंदाचा. दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. तो तेरा वर्षांचा होता आणि हसायला कारणच शोधत असे. बाबा थकून आले होते, त्या महिन्यात ते रोजच थकून यायचे आणि तांब्यावर तांब्या पाणी प्यायचे. त्यांनी स्वतःच्या तळहातावर हा करून हुंगलं आणि आईकडे बघितलं. आईनं वाकून त्यांचा वास घेतला. काही नाही, म्हणाली. दादानंही नाटकीपणानं नाक पुढं केलं, काही नाही. मग आईनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला, फार जोरात नाही, बापाला असं बोलतात का म्हणून. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी ती बाबांच्या जवळ जायची, त्यांच्या उशीपाशी, त्यांच्या टॉवेलपाशी, आणि काही बोलायची नाही. चौथ्या दिवशी बाबा पलंगावरून उठले नाहीत, हाक मारली तर ओ देईनात. डॉक्टर आले, दारातच थबकले आणि म्हणाले, "खोलीत इतका वास येतोय, तुम्हाला कुणालाच आला नाही?" आई, दादा, शेजारच्या काकू, सगळे एकमेकांकडे बघत राहिले. साखर इतकी वाढली होती की दवाखान्यात नेऊनही उपयोग झाला नाही. त्या प्रसंगानं तिचा पिंड घडवला. मला कळलं होतं आणि धपाट्याच्या भीतीनं मी गप्प बसले: हे वाक्य ती गेली चाळीस वर्षं बाळगून होती. त्यात अपराध होता, पण त्यात एक मानही होता, आणि खरं सांगायचं तर मानच जास्त होता. घरात एक तरी नाक जागं होतं. दादा आता चारचौघांत ती गोष्ट सांगतो तेव्हा म्हणतो की वास आधी त्यालाच आला होता. ती ऐकते आणि काही बोलत नाही. जिभेखालची गोळी.

आज सकाळी तिसऱ्या चंबूत तोच वास होता. सडकं सफरचंद.

दुपारी तिला टोपी घालायची होती. विद्यापीठातली एक मुलगी पंधरा दिवस खात्यात येत होती, तिशीही न गाठलेली, सदा घाईत, बोटांना कसल्याशा चिकट मलमाचा वास. माणूस वास घेतो तेव्हा मेंदूत काय होतं आणि आजूबाजूच्यांची मतं ऐकल्यावर त्यात काय बदलतं, हा तिच्या अभ्यासाचा विषय. अहवालात खात्याचं नाव येणार म्हणून साहेब खूश. चौघं आधीच जाऊन आले होते आणि केसांना मलम लागलं म्हणून कुरकुरत होते. फरकबाई मात्र ओढीनं गेली. तारांची टोपी डोक्यावर चढत असताना तिला लहानपणी शाळेच्या नाटकात मुकुट चढवला होता त्याची आठवण झाली. तिला वाटत होतं की आज पहिल्यांदा कुणीतरी साक्ष देईल. तोंड शून्य म्हणेल आणि आतली तार सांगेल, नाही, हिला आलाय, हिला तीन आलाय. वही तिनं पर्समधून काढून मांडीवर ठेवली होती. नळीतून नाकाशी हवेचा झोत यायचा, त्याआधी समोरच्या पडद्यावर चार आकडे यायचे, तिच्या चौघा सहकाऱ्यांचे, असं सांगितलं होतं. कधी आकडे यायचे नाहीत. झोत आला की तिनं आपला आकडा सांगायचा. तासभर हे चाललं. तिनं चौघांचंच ऐकलं, सवयीनं, आणि मनात हसली, कारण आज खोटं पकडलं जाणार होतं.

मुलीनं पडदा तिच्याकडे वळवला. दोन रेघा होत्या. एक मध्येच डोंगरासारखी वर जाऊन खाली येत होती, दुसरी जवळपास सपाट. मुलगी म्हणाली की सगळे झोत एकाच ताकदीचे होते, एकच वास, कमी नाही जास्त नाही. आकडे दाखवले नाहीत तेव्हा ही वरची रेघ. चौघांचे शून्य दाखवले तेव्हा ही खालची.

"म्हणजे मी खोटं बोलते," ती म्हणाली. जवळजवळ आनंदानं म्हणाली.

"नाही ना ताई, तेच तर. खोटं बोलत असता तर डोंगर इथे असता आणि फक्त तोंडातला आकडा बदलला असता. दोघाजणांचं तसं आलंय. तुमच्यात डोंगरच नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही शून्य म्हणालात तेव्हा तुम्हाला शून्यच आला." मुलगी तारा सोडवत होती, तिचं लक्ष गाठीत होतं. "आणि हो, ते आकडे तुमच्या लोकांचे नव्हते. मशीनमध्ये मीच टाकलेले. पण पाचच माणसांचं काम आहे हे, लगेच मनाला लावून घेऊ नका."

दोघाजणांचं तसं आलंय. हे वाक्य तिला जिना उतरताना ऐकू आलं, म्हणजे तेव्हा ते आत पोचलं. चौघांतले दोघं खोटं बोलतात. कोण दोघं? टायपिस्ट? ती डांबरगोळ्यांची बाई, तिला आत वास येतो आणि ती भांडारपालाकडे बघून नाही म्हणते, आणि संध्याकाळी घरी जाऊन आपण किती लबाड आहोत याचं सुख चाखते? ते सुख तर माझं होतं. ती रस्त्यानं चालत राहिली, केसांत मलम तसंच, कपाळावर टोपीच्या गोल गोल खुणा. बेकरीवरून जाताना भाजलेल्या पावाचा वास आला आणि ती थांबली. वास आला की पाटी दिसली? तिनं डोळे मिटले. आला. पण बेकरी इथे आहे हे तिला माहीत होतं. पुढं रस्त्याचं काम चाललं होतं, डांबराचा वास; दोन माणसं नाकाला रुमाल लावून चालली होती; रुमाल दिसले म्हणून आला का? समोरून येणाऱ्या बाईनं तिच्या कपाळाकडे पाहिलं आणि किंचित बाजूला झाली, आणि त्याबरोबर तिला आपल्याच अंगाचा आंबूस वास आला, एकदम, भपकन. संतापानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चोरानं घर लुटावं आणि वर दाखवून द्यावं की कपाट तर आधीपासूनच रिकामं होतं, तसं त्या पोरीनं केलं होतं. भित्री म्हटलं असतं तर चाललं असतं. लबाड म्हटलं असतं तर तिनं मान डोलावली असती. पण बधिर.

घरी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून तिनं वही उघडली. नवरा आत टीव्हीपुढं होता. दूध उतू जायच्या आधी तिला कळतं म्हणून तो तिच्यावर घर सोडून निर्धास्त असतो, आणि गॅसचा वास येतोय म्हटलं की तुला कसलेही भास होतात म्हणतो. पहिली पानं ठीक होती. म्हटलं एक, आला तीन. म्हटलं शून्य, आला दोन. चौथ्या महिन्यात म्हटलं एक, आला दोन. पाचव्यात म्हटलं शून्य, आला एक, आणि त्या एकापुढे प्रश्नचिन्ह. सातव्या महिन्यापासून पुढं पानंच्या पानं सारखी होती. म्हटलं शून्य, आला शून्य. म्हटलं दोन, आला दोन. तिनंच लिहिलेलं, तिच्याच अक्षरात, कडी लावून, उभ्या उभ्या. आणि तिला एकदाही दिसलं नव्हतं. ती रोज लिहीत होती आणि रोज स्वतःला वेगळी समजत होती.

मग तिनं दादाला फोन लावला. आठवड्यातून एकदा ते बोलत, तब्येतीचं, मुलांचं. आज तिनं आडपडदा न ठेवता विचारलं, बाबांचा वास तुला खरंच आला होता का. त्याला काही नवल वाटलं नाही. वय झालं की माणसं मागचंच उकरतात. "आला होता म्हणजे? म्हणून तर दुसऱ्या दिवशी मी तुला हाक मारून त्यांच्या उशीपाशी नेलं. म्हटलं, बघ गं, आज मलाही येतोय. तू वाकून हुंगलंस आणि म्हणालीस, काही नाही. तुझं नाक सगळ्यांत तिखट. तूच नाही म्हटल्यावर मला वाटलं, आपलाच भास. मग मलाही येईनासा झाला."

खोटं बोलतोय, तिला वाटलं. आणि त्याच क्षणी तिला ती उशी दिसली, निळ्या रेघांचा अभ्रा, दादाचा खांद्यावरचा हात, त्याचा घाबरा चेहरा, आणि ती वाकली, आणि काही नाही. उशीला उन्हाचा, खोबऱ्याच्या तेलाचा, बाबांचा रोजचा वास, बाकी काही नाही. हे सगळं चाळीस वर्षं आत कुठे पडून होतं की दादा बोलला म्हणून आत्ता तयार झालं? ती शोधत राहिली आणि जितकं शोधावं तितका अभ्रा स्पष्ट होत गेला. दादा हॅलो, हॅलो करत होता. तिनं फोन ठेवला. भीतीनं गप्प बसलेली ती पोरगी, जिचा तिला लाज वाटून वाटून अभिमान होता, ती कधी नव्हतीच. एक धपाटा बसला आणि एका पोरीचं नाक गेलं, आणि तिनं आपल्या भावाचंही घालवलं. एवढंच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडारपाल सर्दी म्हणून आला नाही. पहिली खुर्ची रिकामी राहिली तशी साहेबांनी तिला हात केला. या बाई, आज तुम्ही सुरुवात करा. ती पहिल्या खुर्चीत जाऊन बसली. पहिला चंबू आला, तिनं हुंगला आणि तिला काय येतंय ते कळेना. आधी कुणी बोललेलं नव्हतं. डावीकडे भिंत होती. एक, ती म्हणाली, काहीतरी म्हणायचं म्हणून. तिच्यामागून बाकीचे तिघं: एक, एक, दीड. दुसऱ्याला शून्य म्हणाली. शून्य, शून्य, शून्य. आणि तिला हसू यायला लागलं, वाईट हसू, पोटातून वर चढणारं. म्हणजे भांडारपालात काही नव्हतं. खुर्चीत होतं. तिसरा चंबू मावशींनी समोर ठेवला. तोंडाच्या कडेला टवका उडालेला, नखाएवढा. गाळलेलं पाणी. काही नसलेलं पाणी. तिनं झाकण उचललं, डोळे मिटले, दोनदा हुंगलं, चांगला वेळ घेतला, आणि त्या चौघांविषयीचा, साहेबांविषयीचा, दादाविषयीचा, त्या टोपीवाल्या पोरीविषयीचा सगळा राग एका आकड्यात घालून म्हणाली, "चार."

साहेबांचा खडू थांबला. कसला, त्यांनी विचारलं.

"गोडसर. सडक्या सफरचंदाचा."

चंबू टायपिस्टकडे गेला. तिनं हुंगलं, आणि हुंगताना ती चंबूकडे नाही, हिच्याकडे बघत होती. तीन, म्हणाली. मीटरवाल्यानं मान हलवली, हो, गोडसर आहे, चार. केमिस्ट म्हणाला साडेतीन, आणि मग, पहिल्या दोन चंबूंतही थोडा होता बहुधा. तिनं टेबलाखाली हाताच्या मुठी आवळल्या. हाच क्षण तिला हवा होता. आता साहेब खणातला कागद काढतील, त्यावर लिहिलेलं असेल, गाळीव, आणि सगळ्यांची तोंडं पडतील, आणि ती उठून सांगेल की मला पहिल्यापासून माहीत होतं. साहेबांनी कागद काढला. वाचला. पुन्हा वाचला. हा तर गाळलेला आहे, ते म्हणाले. मग साहेब स्वतः टेबलाशी आले, चंबू उचलला, वाकले. तिघंही त्यांच्या नाकाकडे बघत होते. साहेबांनी मान वर केली. "आहे," ते म्हणाले. "स्पष्ट आहे. कोळशाची गाळणीच गेलेली दिसते." आणि फळ्याकडे वळून त्यांनी आकडे लिहिले, चार, तीन, चार, साडेतीन, आणि तिच्याकडे बघून हसले. आज तुमचा फरक जवळजवळ नाहीच, बाई. छान.

सगळे गाळणी बघायला गेले. ती एकटी उरली. तिनं चंबू पुढं ओढला. तिला खदखदून हसायचं होतं आणि हसायच्या आधी एकदा, नुसतं खात्रीसाठी, तिनं झाकण उचललं. भुवयांच्या मागं ती रेघ उमटली. गोडसर, कुजकी. तिनं झाकण लावलं, श्वास सोडला, परत उचललं. आता ती जाड झाली होती, टॉवेलची झाली होती, अभ्र्याची, खिडक्या लावलेल्या खोलीची. फळ्याकडे बघितलं तरी पुसली जाईना. फळ्यावर तर चारच लिहिलं होतं. कदाचित गाळणी खरंच गेली असेल. कदाचित कालच्या तिसऱ्या चंबूत काही नसेल आणि आज यात असेल, किंवा काल असेल आणि आज नसेल, आणि ते सांगायला आता तिच्यापाशी कुणीच नव्हतं, आतलंही कुणी नव्हतं.

चंबू दोन्ही हातांत धरून ती धुण्याच्या खोलीत गेली. कालचं तिसऱ्या चंबूतलं पाणी आहे का, तिनं विचारलं. मावशी म्हणाल्या, कालचं कालच ओतलं. मग हे कुठलं?

"ते होय? रोजचंच, गाळणीचं," मावशी आवाज खाली आणून म्हणाल्या. "मी सकाळी तेच प्यायले की. काचेसारखं आहे."

तिनं चंबू त्यांच्यापुढे धरला. वास घ्या, म्हणाली. मी काय नाकमंडळातली आहे का, असं पुटपुटत मावशींनी पदराला हात पुसले, झाकण काढलं, वाकल्या, आणि हुंगायच्या आधी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला किती आला, ताई?"

ती सांगणार नव्हती. यावेळी जीव गेला तरी सांगणार नव्हती; एक तरी नाक कोरं राहू दे. ओठ घट्ट मिटून ती उभी राहिली. मावशी तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, बराच वेळ, मग खाली वाकून त्यांनी श्वास घेतला आणि हळूहळू त्यांच्या नाकपुड्या आकसल्या.